एकोणचाळिसावं मत

तळवाडीच्या वरच्या अंगाला नदीकाठी कारभारीची सव्वा एकर जमीन होती. त्यात तो आणि त्याची बायको नवसाबाई फुलं काढायचे. पावसाळ्यात झेंडू, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात गलांडा. सकाळी तोडा झाला की पाट्या एसटीच्या टपावर चढवायच्या आणि नाशिकच्या बाजारात उतरवायच्या. जमीन स्वतःची होती, पाणी मात्र रंगनाथअण्णांच्या इंजिनाचं. नदीतून पाणी उपसणारं गावात ते एकच इंजिन आणि दहा-बारा घरांचे मळे त्यावर. अण्णा म्हणतील त्या दिवशी पाळी, अण्णा म्हणतील तितका वेळ पाणी.

मताचंही तसंच होतं. कारभारीनं पहिलं मत दिलं ते सत्तावन्न साली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. अण्णांच्या वडिलांनी सांगितलं होतं, बैलजोडीचं चित्र बघ आणि त्या पेटीत कागद टाक. त्यानं टाकला. पुढं पेटी एकच झाली, कागदावर शिक्का आला. मग अण्णा सांगायला लागले. एकाहत्तरला गायवासरू. सत्त्याहत्तरला देशभर उलथापालथ झाली, पण तळवाडीत तेच गायवासरू. कारभारीला त्यात कधी काही टोचलं नाही. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "आमच्या घरात चार मतं." तो, नवसाबाई, धाकटा भाऊ पुंजाराम आणि पुंजारामची बायको यशोदाबाई. गोठ्यात जनावरं किती हे सांगावं तितक्या सरळ तो हे सांगायचा.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा एक सभासद वारला आणि त्याच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली. अण्णांनी पुतण्याला उभा केला. वाल्मीक. पंचवीस वर्षांचा, राजदूत गाडीवर फिरणारा. चिन्ह छत्री. बिनविरोधच व्हायचं, पण शेवटच्या दिवशी बौद्धवाड्यातल्या सोमानं अर्ज भरला. सोमा सातपूरला एका कारखान्यात फिटर होता. त्याला कंदील मिळाला.

गाव हसलं. बौद्धवाड्यात मतं अडतीस, बाकी वॉर्डात पावणेदोनशे.

सोमा मतं मागायला मळ्यात आला तेव्हा कारभारी वाफ्यात दारं धरून पाणी वळवत होता. पाण्याची धार करंगळीएवढी होती. सोमा बांधावरच उभा राहिला.

"कारभारीकाका, येऊ का?"

"आलाच हायेस की."

"मी मोठं काय बोलत नाय. पाण्याची पाळी कागदावर लिहून चावडीत लावायची, येवढंच. ज्याचा दिवस त्याचं पाणी."

"इंजिन अण्णांचं हाय, सोमा."

"नदी कुणाची हाय?"

कारभारीनं फावडं चिखलात रोवलं आणि इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. "जा बाबा आता," तो म्हणाला. "कुणी बघंल."

सोमा गेला. त्याच हप्त्यात कारभारीची पाळी वाल्मीकच्या द्राक्षांना गेली. चैत्राचं ऊन. गलांड्याची पानं कडेनं तपकिरी व्हायला लागली. कारभारी अण्णांच्या ओट्याशी गेला, चपलांच्या रांगेपाशी तासभर उकिडवा बसला. आतून वाल्मीक आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. "ए कारभारी, बसलाय काय? तेवढी खताची गोणी टाक गाडीवर." कारभारीनं गोणी उचलून गाडीवर टाकली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. वाल्मीकच्या बापाबरोबर एका आखाड्यात कुस्ती खेळलेला. पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं.

मतदानाच्या दिवशी चौघं सकाळीच शाळेत गेले. फाटकाशी वाल्मीक उभा होता, चिठ्ठ्या वाटत. समोर लिंबाखाली सोमा यादी घेऊन बसलेला. आपल्या वाड्यातला एकेक माणूस आत गेला की नावापुढं खूण करत होता. त्याची आई लंकाबाई आत्ताच मत देऊन आली होती आणि पदरानं तोंड पुसत त्याच्यामागं बसली होती.

वाल्मीकनं कारभारीच्या मानेवर हात ठेवला. बैल जुवाखाली घ्यायला ढकलावा तसं पुढं ढकललं.

"चल, हो पुढं. शिक्का कुठं मारायचा ठाऊक हाय ना? का हात धरून दाखवू?"

रांगेतले चार जण हसले. नवसाबाईनं मान खाली घातली. कारभारीही हसला. हसायलाच लागतं.

आत मास्तरांनी बोटाला शाई लावली, कागद दिला, शिक्का दिला. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तो उभा राहिला. वर छत्री, खाली कंदील. मान अजून गरम लागत होती. त्यानं शिक्का उचलला, छत्रीवर धरला. आणि हात खाली गेला. शिक्का उठला तेव्हा कंदिलावर फुली होती.

तो त्या फुलीकडं बघतच राहिला. हे आपण केलं? बोटानं पुसायला गेला तर शाई पसरायला लागली, म्हणून सोडलं. कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, पेटीत ढकलली. बाहेर आला. वाल्मीकनं लांबूनच विचारलं, "मारला का?" तो म्हणाला, "मारला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीचा आकडा आला. छत्री एकशे एकाहत्तर. कंदील एकोणचाळीस.

गुलाल उधळला, पेढे वाटले. संध्याकाळ व्हायच्या आत तो आकडा ओट्या-ओट्यावर फिरायला लागला. बौद्धवाडा अडतीस. अडतीसच्या अडतीस मतं पडली, हे सोमाच्या यादीवरून सगळ्यांना ठाऊक. मग एकोणचाळिसावं कुणाचं?

शोधायला लांब जावं लागलं नाही. पुंजाराम सातपूरला एका छोट्या कारखान्यात हमालीला जायचा. जाताना-येताना सोमाच्या सायकलवर डबलशीट. गावानं बघितलेलं.

अण्णांनी चौघांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. रागावले नव्हते. पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

"कारभारी, तुझ्या घरावर कधी संशय घेतला नाय. पण लोक बोलायला लागलेत. भंडारा उचला, आन् मोकळे व्हा. बस्स."

भंडाऱ्याची वाटी कारभारीपुढं आली. त्यानं चिमूट उचलली. ओठ हलले, शब्द आपोआप निघाले. "छत्रीवर मारला. खोटं बोललो तर देव बघून घेईल." हळद बोटांना चिकटली.

नवसाबाईनं उचलला. तिचा आवाज कुणाला ऐकूही आला नाही. यशोदाबाईनं उचलला. वाटी पुंजारामपुढं आली.

पुंजारामनं हात मागं बांधले.

"मी नाय उचलणार."

"का रं?" अण्णांनी अडकित्ता थांबवला.

"मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतंय. शाळेतल्या मास्तरांनीच सांगितलं तसं. मंग देवाला मधी कशाला घ्यायचं?"

"पुंज्या, उचल," कारभारी म्हणाला. आवाज फाटला त्याचा.

"दादा, तू उचललास. तुझं तू बघ. मी नाय उचलणार."

अण्णा उठले, धोतर झटकलं. "झालं तर मग. कळलं." जाताना कारभारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याला घरात ठेवायचं का नाय, ते तू ठरव. इंजिनाचं मी ठरवतो."

चार दिवस पाणी आलं नाही. पाचव्या दिवशी गलांड्याच्या कळ्या माना टाकायला लागल्या. कारभारी बांधावर बसून त्यांच्याकडं बघत होता. पुंजाराम शेजारी येऊन बसला. कारभारीच्या जिभेवर आलं होतं. मीच रे तो. तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं.

"तू चार दिवस सातपूरलाच राहा. अण्णांचा राग निवंस्तवर."

पुंजारामनं त्याच्याकडं पाहिलं. मग मान हलवली, उठला आणि घरात जाऊन यशोदाबाईला म्हणाला, "भांडी बांध."

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. पाणी भसाभस वाफ्यात शिरलं. नवसाबाई अंथरूण धरून पडली ती तीन दिवस उठली नाही. जावेच्या विरहानं असेल असं कारभारीला वाटलं.

चार दिवसांची पाच वर्षं झाली. ऐंशी साली दोनदा मतदान आलं. दोन्ही वेळा कारभारीनं अण्णांनी सांगितलं तिथं शिक्का मारला. आता तो शिक्का मारताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायचा. मोजणीच्या दिवशी त्याला जुलाब व्हायचे. पुढं चावडीतून कुणीही हाक मारली की तो मागच्या दारानं मळ्यात निघून जायचा. पुंजारामनं सातपूरच्या वसाहतीमागं एक खोली घेतली. दोन घरं पलीकडं सोमाही आईला घेऊन राहायला गेला होता. निवडणुकीनंतर बौद्धवाड्याला गावातली कामं बंद झाली म्हणून. सणावारी निरोप जायचा, पुंजाराम यायचा नाही.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, लोकसभेची निवडणूक आठ-दहा दिवसांवर असताना, यशोदाबाईचा निरोप आला. पुंजारामचा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेला.

कारभारी आणि नवसाबाई मिळेल त्या गाडीनं सातपूरला गेले. पुंजाराम खाटेवर बसला होता. डावा हात फडक्यांत गुंडाळून गळ्यात अडकवलेला, जोंधळ्याच्या कणसाएवढा दिसत होता.

"किती गेली?" कारभारीनं विचारलं.

"दोन. अंगठ्याजवळचं आन् मधलं." पुंजाराम हसायचा प्रयत्न करत होता. "हमालीत खोलीचं भाडं भागंना, म्हणून प्रेसवर गेलो. डबल ड्युटी होती, डोळा लागला. आता मताची शाई कुठं लावतील ते बघायचं."

कारभारी दारातच खाली बसला. शेजारी सोमा आला होता, डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवत होता. कोपऱ्यात लंकाबाई तांदूळ निवडत बसली होती. यशोदाबाईचे हात कामाला चालत नव्हते म्हणून तिनं सूप घेतलं होतं. खोलीत तेलाचा आणि औषधाचा वास. कारभारी त्या फडक्याकडं बघत होता. पांढऱ्यावर पिवळा डाग हळूहळू वाढत होता.

"पुंज्या," तो म्हणाला. "ते मत माझं व्हतं."

"कुठलं?"

"कंदिलाचं. मी मारला शिक्का. भंडारा खोटा उचलला. तुला घालवलं."

बाहेर भोंगा झाला, पाळी सुटली असावी; रस्त्यावरून सायकलींचा आवाज येत राहिला. पुंजारामच्या आधी नवसाबाईच उठली.

"तुमी?"

"मी."

"तुमी कंदिलावर मारला?"

"हात गेला. वाल्मीकनं मानेला धरलं व्हतं, अन्..."

"मंग माझं कुठं गेलं?"

कारभारीला कळेना. "तुझं काय?"

"माझं मत!" नवसाबाई जवळजवळ ओरडलीच. "मी बी कंदिलावर मारला व्हता. तुमच्या मानेवर हात टाकला त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत. आत गेले आन् मारला. मला वाटलं, ते एकोणचाळिसावं माझंच. पाच वर्सं मी तेच धरून बसलीय. भाऊजी माझ्यापायी गेले, भंडारा मी खोटा उचलला, म्हणून देवाला नवस बोलत्येय. आन् तुमी..."

ती खाटेच्या पायाशी मटकन बसली आणि नवऱ्याकडं बघायला लागली. सत्तावीस वर्षं एका चुलीवर जेवलेली ती दोघं, पहिल्यांदाच भेटल्यासारखी.

कारभारी भावाकडं वळला. "आन् तू?"

पुंजारामनं दुखरा हात सावरला. "मी छत्रीवर मारला."

"काय?"

"छत्रीवरच. तुझी पाळी जाईल या भ्यानं. सोम्या रुसंल म्हणून त्याला बी बोललो नाय. माफ कर सोमा."

"मंग भंडारा का नाय उचललास? तू तर खरा व्हतास!"

"खरं व्हतं म्हणूनच नाय उचलला. सांगितलं तसं केलं व्हतं ना? आणिक वर शपथ बी पायजे त्यांना? माणसानं किती वाकायचं, दादा?"

"मी बी छत्रीवरच," यशोदाबाई म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. घरातून काढली तीच दोघं, आणि सांगितलेलं ऐकलेलीही तीच दोघं.

डॉक्टरची चिठ्ठी सोमाच्या हातात तशीच होती. त्यानं बोटं मिटली, उघडली.

"थांबा," तो म्हणाला. "काकांचं एक. काकूंचं एक. आमची अडतीस. चाळीस व्हायला पायजे."

तो पुन्हा बोटांवर मोजायला लागला.

"एकोणचाळीसच निघाली. बाद एकही नव्हतं, मी टेबलापाशी उभा व्हतो. म्हंजी आमच्यातलं एक..." तो थांबला. "आमच्यातलं कोण? मी एकेकाला नेलं. एकेकाच्या नावापुढं खूण केली."

कोपऱ्यातला सुपाचा आवाज थांबला होता. ते आधी नवसाबाईच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या.

लंकाबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. तांदळात हात तसाच बुडवलेला.

"माझं हाय ते," ती म्हणाली.

"आई?"

"तुला आपल्यातला एकेक माणूस वैरी दिसंल म्हणून बोलत्येय. लोकाच्या लेकरावर आळ नको." ती सोमाकडं बघत नव्हती. "मतदानाच्या आदल्या दिवशी रंगनाथअण्णांनी मळ्यात बोलावलं. मी वीस वर्सं त्यांच्या द्राक्षाचे घड विरळ करायला जात व्हते. म्हनले, लंका, तुझा पोरगा पडणारच हाय. पण निवडून आला तर त्याला गावात जगू द्यायचे नाय लोक. मला सांभाळता यायचं नाय. पोटचा हाय ना तुझा? मला वाटलं, पडू दे. जित्ता राहू दे."

"तू माझ्या मागं बसली व्हतीस लिंबाखाली," सोमा हळू म्हणाला. "मी तुझ्या नावापुढं पैली खूण केली."

"बघत व्हते मी. तू खूण करताना."

सोमा उठून दाराशी गेला. पाठमोरा उभा राहिला, चौकटीला हात लावून. तिथून सातपूरची धुराडी दिसत होती. त्याच्या खांद्यांकडं बघून कळत नव्हतं तो रडतोय की चिडलाय. मग तो वळला, आईपुढं बसला आणि सूप स्वतःकडं ओढून खडे वेचायला लागला. लंकाबाईनं हात बाहेर काढला नाही. दोघांचे हात त्याच तांदळात राहिले.

"एक सांगतो," पुंजाराम खाटेवरून म्हणाला. "आपल्या सगळ्यांत अण्णांच्या शब्दाला जागलेली माणसं तीनच. मी, ही आन् लंकामावशी. तिघंही गावाबाहेर." तो हसला, हात दुखला, विव्हळला, पुन्हा हसला. कुणालाच त्याच्याबरोबर हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात उतरल्याबरोबर कारभारी घरी न जाता अण्णांच्या ओट्यावर गेला. नवसाबाई म्हणाली, पाणी तोडतील. तो म्हणाला, तोडू दे. चपलांच्या रांगेपाशी तो थांबला नाही. सरळ वर चढला, अण्णांच्या खुर्चीपुढं उभा राहिला. अण्णा आता थकले होते, पायावर शाल होती. शेजारी निवडणुकीच्या पत्रकांचा गठ्ठा.

"अण्णा, एकोणचाळिसावं मत माझं व्हतं."

"आं?"

"सोमाचं. कंदिलाचं. पुंजारामचं नव्हतं. मी दिलं. माझ्या बायकोनं बी दिलं."

अण्णांनी डोळे बारीक केले. आठवायला लागले. "कोणता कंदील?"

"पोटनिवडणूक. वाल्मीक उभा व्हता. तुमी देवळात भंडारा उचलायला लावला."

"हां हां. वाल्मीकची." अण्णांनी मान डोलावली. मग सुपारी तोंडात टाकली. "लय जुनं झालं रे ते. आपण निवडून तर आलोच व्हतो. एका मतानं काय होतंय?"

"तुमी माझं पाणी बंद केलं व्हतं. चार दिवस."

"ते इंजिनाचा पट्टा तुटला व्हता तवा. का आणिक काय व्हतं... वाल्मीकला विचार." त्यांनी पत्रक पुढं केलं. "तुझा भाऊ कुठं असतो रे आता? दिसत नाय."

कारभारी उभाच राहिला. पत्रक धरलेला अण्णांचा हात हवेत थांबला होता, म्हाताऱ्या माणसाचा हलतो तसा हलत होता. कारभारीला वाटलं होतं शिव्या येतील, पोरं अंगावर धावतील, पाणी तुटेल. तो सगळ्याची तयारी करून आला होता. याची नव्हती. पाच वर्षं ज्याच्या भीतीनं झोपेत दचकला, त्या माणसाच्या लक्षातही नव्हतं.

तो ओटा उतरून खाली आला. कडेच्या भिंतीला धरून तो उभा राहिला, आणि मग भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, हमसून हमसून रडला.

मतदानाच्या दिवशी कारभारी आणि नवसाबाई शाळेत गेले. वाटेत तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पुढं पुंजाराम उभा होता. त्याचं मत अजून तळवाडीतच होतं, पहिल्या गाडीनं आला होता. साहेबानं त्याचा डावा हात बघितला, थबकला, आणि करंगळीशेजारच्या बोटाला शाई लावली.

कारभारी पुठ्ठ्यामागं गेला. कागदावर सात-आठ चित्रं होती. त्यानं शिक्का उचलला. या खेपेला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, मानेवर कुणाचा हातही नव्हता, आणि शिक्का धरलेला हात आपणहून कुठंच जाईना. सत्तावीस वर्षं तो मत देत होता आणि ही सगळी चित्रं त्यानं आज पहिल्यांदा पाहिली. त्यानं वरच्या चित्रावर बोट ठेवलं. मग त्याच्या खालच्या.

"बाबा, आटपा," बाहेरून साहेब म्हणाला. "मागं रांग हाय."

"थांबा जरा," कारभारी म्हणाला. "बघतोय."